‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चा कोणता शेवट दाखवावा?

मेघमल्हार, ठाणे
घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या सभागृहात पुढच्या महिन्यात फ्रँक ऑझ यांचा १९८६चा हा भय-विनोदी संगीतपट दाखवायचा आहे. फुलांच्या दुकानातील गरीब नोकर सीमोर रक्तावर वाढणारे रोपटे जोपासतो, त्यापायी माणसे बळी जातात आणि तरीही प्रेक्षक ठेका धरतात, हे कसे साधते? शिवाय याचे दोन शेवट उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणता निवडावा?

तिसरी घंटा, वाशी
मूळ शेवटच दाखवा. त्यात नायक-नायिका दोघेही वनस्पतीच्या पोटात जातात आणि तिची पिलावळ न्यूयॉर्कवर तुटून पडते. चाचणी खेळांत प्रेक्षकांना तो सोसला नाही, म्हणून सुखान्त नव्याने चित्रित झाला. नाटकात मेलेली पात्रे अखेरीस अभिवादनाला येतात, चित्रपटात ती मेलेलीच राहतात, हे ऑझ यांचे स्पष्टीकरण बिनतोड आहे. पण नायिका ऑड्रीचा प्रियकर असलेला दंतवैद्य डोळ्यांदेखत गुदमरत असताना स्वस्थ उभा राहणारा आणि मग त्याच्या प्रेताचे तुकडे रोपट्याला भरवणारा सीमोर सुखाने संसाराला लागतो, हे मला पटत नाही.

नेरुळकर
ठेक्याचे श्रेय ॲलन मेंकन यांच्या चालींना आणि हॉवर्ड ॲशमन यांच्या शब्दांना आहे. चाली साठच्या दशकातील अमेरिकी मुलींच्या गायनवृंदांच्या वळणाच्या, अगदी गोड. त्यांवर बेतलेले प्रसंग मात्र भीषण, आणि या विसंगतीतूनच हसू फुटते. आपल्या संगीत नाटकातील सूत्रधाराप्रमाणे तीन मुली कथेबाहेर राहून गातात व त्यांना कोणतीही आपत्ती शिवत नाही, त्यामुळे आपणही सुरक्षित अंतरावरून पाहतो. याउलट ऑड्री उपनगरातल्या साध्याशा घराचे स्वप्न गाते, तेव्हा शब्दांत थट्टा असूनही तिची ओढ खरी वाटते. तिच्याबद्दल जीव हळहळला नाही, तर पुढचे भय पोकळ ठरले असते. वनस्पतीची बाहुली तर थक्क करते. ओठांची हालचाल गाण्याशी जुळावी म्हणून अनेक दृश्ये सेकंदाला २४ऐवजी १२ किंवा १६ चौकटींनी टिपली आणि नेहमीच्या वेगाने दाखवली, त्यामुळे सोबतच्या नटांना मुद्दाम संथ अभिनय करावा लागला. (‘झपाटलेला’मधील तात्या विंचूवर वाढलेल्या पिढीला हे कौतुक निराळे सांगायला नको.)

कळव्याचा प्रेक्षक
मूळ शेवटाला माझेही अनुमोदन आहे. मात्र दंतवैद्य ऑड्रीला मारहाण करतो, त्यावरचा विनोद मला आज रुचत नाही, आणि सभागृहात लहान मुले येणार असतील, तर त्यांच्या पालकांना आधी कल्पना द्यावी.

मेघमल्हार, ठाणे
आभार. मूळ शेवट दाखवू आणि सूचनाफलकावर तसे स्पष्ट लिहू.