मदत हवी आहे : छोट्या विमानातील आपत्कालीन पिशवी, वजन 5 किलोंच्या आत

वारणाकाठ (सांगली)
नमस्कार. येत्या रविवारी मला छोट्या विमानाने जायचे आहे. विमान वाटेत रानात उतरवावे लागले तर मदत येईपर्यंत तग धरता येईल, अशी पिशवी मला शनिवारी संध्याकाळपर्यंत भरून ठेवायची आहे. परदेशी संकेतस्थळांवरच्या याद्या बर्फाळ प्रदेशासाठी आहेत. त्यांतला मासे धरण्याचा गळ आणि बर्फात घालायचे जोडे माझ्या काही कामाचे नाहीत. पिशवी मागच्या सामानाच्या जागेत राहील आणि तिचे वजन 5 किलोंच्या वर जाता कामा नये. परवाना, हवामान आणि परवानग्या यांची व्यवस्था झालेली आहे, त्यामुळे त्यावर सल्ला नको. कृपया नेमकी यादी द्यावी.

घाटवाटा (सातारा)
आपण कोणत्या भागावरून जाणार आहात, हे लिहिलेलेच नाही. माणदेशावरून जाणाऱ्याची पिशवी वेगळी आणि कोयनेच्या रानावरून जाणाऱ्याची वेगळी. तरीही सह्याद्रीत अनेक वर्षे भटकणारा म्हणून सांगतो: माणशी किमान 3 लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, शिट्टी, डोक्याला बांधायची विजेरी, 10 मीटर दोरी, एक कोयता आणि मेणात बुडवून ठेवलेली काडेपेटी. कोयता विसरू नका. कारवीत आणि करवंदीच्या जाळीत अडकलेल्या माणसाला त्याच्याइतका दुसऱ्या कशाचाही उपयोग होत नाही.

जुना_वैमानिक (कराड)
यादीच्या आधी चार प्रश्नांची उत्तरे द्या. विमान कोणते? माणसे किती? मार्ग कोणता? विमानात आपत्कालीन संदेशयंत्र, म्हणजे ईएलटी, कोणत्या प्रकारचे आहे? ते जुने, केवळ 121.5 मेगाहर्ट्झवर चालणारे असेल, तर 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रह त्या लहरी ऐकतच नाहीत. वरून जाणाऱ्या एखाद्या विमानाने ऐकले तरच ते कोणाला कळेल. 406 मेगाहर्ट्झचे असेल तर त्याचा संकेत बेंगळुरूला इस्रोच्या केंद्रात पोहोचतो आणि तेथून शोध व बचाव केंद्राला कळवले जाते. पिशवीत काय भरायचे हे बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरेल, कारण तुम्हाला काही तास काढायचे आहेत की दोन रात्री, याचा अंदाज त्यावरूनच येतो.

सोनहिरा
मला वाटते मूळ उपाय वेगळा आहे. काही छोट्या विमानांना आता संपूर्ण विमान खाली उतरवणारे पॅराशूट असते. सिरस कंपनीच्या विमानांत ते मुळातच बसवलेले असते. असे विमान घेतल्यास पिशवीचा प्रश्न बराचसा सुटेल.

वारणाकाठ (सांगली)
सोनहिरा, विमान भाड्याचे आहे आणि रविवार चार दिवसांवर आला आहे.
जुना_वैमानिक यांच्यासाठी: सेसना 172. मी आणि माझा आत्तेभाऊ. कराडहून गोव्याला, मोपापर्यंत. ईएलटी आहे, प्रकार पाहून सांगतो. आता तरी यादी मिळेल का?

जुना_वैमानिक (कराड)
ही माहिती पहिल्याच लेखात यायला हवी होती. कराड ते मोपा सरळ रेषेत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. ही रेषा पन्हाळ्याच्या जवळून, राधानगरीच्या अभयारण्यावरून आणि आंबोलीच्या बाजूने जाऊन घाटाखाली उतरते. पन्हाळ्यापर्यंत खाली शेत सापडेल. त्यापुढे धरणांचे पाणी, दाट रान आणि वरून सपाट दिसणारे पण जांभ्या दगडाने खडबडीत असलेले सडे आहेत. सेसना 172 इंजिन बंद पडल्यावर दर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जाते, म्हणजे जमिनीपासून 4,000 फूट उंची असेल तर सहा मैलांच्या आत जे असेल तेथेच उतरायचे. कोल्हापूरकडून थोडा पूर्वेचा मार्ग धरलात तर पिशवीची गरज पडण्याची शक्यताच कमी होईल.

आता वजनाबद्दल. या विमानाच्या सामानाच्या जागेची मर्यादा सुमारे 54 किलो आहे. दोघेच पुढे बसणार असल्यामुळे मागे थोडे वजन असणे समतोलाच्या दृष्टीने चांगलेच. एकूण वजनाचा हिशेब मात्र मांडून पाहा. तुम्ही 5 किलोंची अट कोठून आणली आहे हे कळत नाही. तिच्यापायी पाणी कमी करू नका.

माझा खरा आक्षेप पिशवीच्या जागेवर आहे. विमान झाडीत उतरले, शेपटीकडचा भाग मुरडला आणि सामानाचे दार उघडेना, किंवा गळलेल्या इंधनाने पेट घेतला, तर मागची पिशवी तेथेच राहील आणि तुमच्याजवळ फक्त खिशात असेल तेवढेच उरेल. म्हणून सामानाचे दोन भाग करा. शिट्टी, छोटा आरसा, लायटर, पट्टा कापायची सुरी, भ्रमणध्वनी आणि शक्य असल्यास अंगावर बाळगायचे संदेशयंत्र, म्हणजे पीएलबी, हे सर्व अनेक खिशांच्या जाकिटात घालून ते जाकीट दोघांनीही प्रवासभर अंगात ठेवावे. पाणी, ताडपत्री आणि खाणे मागे गेले तरी चालेल.

मिरजेची_डॉक्टर
जुना_वैमानिक यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्यात एक भर घालते. अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत वाचवता येण्यासारखा जीव जातो तो बहुधा रक्तस्रावाने. बाजारातल्या प्रथमोपचार पेटीत चिकटपट्ट्या आणि मलमेच जास्त असतात. त्याऐवजी आवळून रक्त थांबवणारा पट्टा, दाब देण्याच्या रुंद पट्ट्या आणि निर्जंतुक कापसाच्या घड्या घ्या. तो पट्टा हात किंवा पाय यांच्यावरच वापरायचा असतो आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची असते. तो बांधण्याचा सराव शनिवारी दोघांनीही एकमेकांवर करून पाहावा. आत्तेभावाला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर त्याची दोन दिवसांची औषधे त्याच्याच खिशात हवीत.

घाटवाटा (सातारा)
सर्पदंशावरची लसही सोबत ठेवावी असे सुचवतो. राधानगरीच्या बाजूला घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत.

मिरजेची_डॉक्टर
कृपया तसे करू नका. ती लस शिरेतून द्यावी लागते आणि तिची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. ती सांभाळण्याची सोय असलेल्या रुग्णालयाबाहेर ती देणे हाच मोठा धोका आहे. दंश झालेला अवयव हलू न देणे, अंगठ्या आणि घड्याळ काढणे, जखम न कापणे, आवळून न बांधणे आणि लवकरात लवकर रुग्णालय गाठणे, एवढेच करावे. रक्तस्रावासाठी घेतलेला पट्टा येथे वापरू नये.

घाटवाटा (सातारा)
हे मान्य. पण जाकीट आणि संदेशयंत्र यांवरच सगळा भर देणे मला पटत नाही. सह्याद्रीत कोठेही उतरलात तरी काही तासांच्या चालीवर वाडी किंवा धनगरवाडा असतोच. पाण्याच्या ओहोळाने खाली चालत राहिले की माणसे भेटतात. त्यामुळे चांगले बूट, कोयता आणि दोरी हीच खरी साधने आहेत.

जुना_वैमानिक (कराड)
याला माझा ठाम विरोध आहे. ओहोळाने खाली उतरणारा माणूस आंबोलीच्या बाजूला थेट कड्याच्या तोंडाशी पोहोचू शकतो, आणि तेथून खाली कोकण शेकडो मीटर खोल आहे. शिवाय शोधणाऱ्याला हिरव्या रानात माणूस दिसत नाही, पांढरे विमान दिसते. आग लागण्याचा धोका नसेल तर विमानाजवळच, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबावे. मोकळ्या जागी कापडाने किंवा दगडांनी किमान अडीच मीटर लांबीची खूण करावी: मदत हवी असेल तर इंग्रजी व्ही, वैद्यकीय मदत हवी असेल तर एक्स. दोन्ही खुणा आंतरराष्ट्रीय आहेत. विमान सोडून जाणे भागच पडले, तर जाण्याच्या दिशेचा बाण करून ठेवावा.

घाटवाटा (सातारा)
कड्यांचा मुद्दा बरोबर आहे. आंबोलीच्या बाजूला ओहोळाने उतरू नये, हे मीही म्हणेन. घाटमाथ्याच्या पूर्वेला मात्र माझे मत कायम आहे.

शिवार (तासगाव)
धुरासाठी दिवाळीतले रंगीत धुराचे फटाके ठेवले तर? दुरूनही दिसतील. आणि माझ्या मेहुण्याकडे परदेशातून आणलेला उपग्रह भ्रमणध्वनी आहे, तो देता येईल.

जुना_वैमानिक (कराड)
दोन्ही नकोत. फटाके ही विमानात नेण्याची वस्तू नव्हे, आणि मार्च महिन्यात सड्यावरचे वाळलेले गवत पेटले तर वणवा आधी तुमच्याकडेच येईल. जाळ करायचाच तर गवत खरवडून, दगडांच्या आत आणि गळलेल्या इंधनापासून दूर. दिवसा आरशाची तिरीप कित्येक मैलांवरून दिसते आणि तिने काही पेटत नाही. उपग्रह भ्रमणध्वनी भारतात दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय बाळगता येत नाही. परदेशातून आणलेली उपग्रह संदेशयंत्रेही त्याच अडचणीत सापडतात. पीएलबी घेतलीत तर तिची भारतातील केंद्राकडे नोंदणी करून घ्या. दुसऱ्या देशाच्या संकेतांकाची असेल, तर तुमच्या घरचा संपर्क क्रमांक येथल्या केंद्राच्या नोंदीत नसतो आणि चौकशीत वेळ जातो.

वारणाकाठ (सांगली)
सर्वांचे आभार. ईएलटी 406 मेगाहर्ट्झचे आहे, असे आज विमान देणाऱ्यांकडून कळले. पीएलबी रविवारपर्यंत मिळणार नाही. वरील चर्चेवरून असे ठरवले आहे: जाकिटात शिट्टी, आरसा, लायटर, सुरी, छोटी विजेरी, रक्त थांबवण्याचा पट्टा आणि भ्रमणध्वनी. मागच्या आसनावर, हात पोहोचेल तेथे पट्ट्याने बांधलेली पिशवी. तिच्यात 6 लिटर पाणी, नारिंगी ताडपत्री, रुपेरी पातळ चादरी, चिक्की, दाबपट्ट्या, दोरी आणि कोयता. एकूण वजन 9 किलोंच्या आसपास जाईल, ते हिशेबात धरले आहे. मार्ग कोल्हापूरकडून घेतो आहे. गोव्याजवळ समुद्रावर जावे लागले तर जीवरक्षक जाकिटे लागतील का?

जुना_वैमानिक (कराड)
किनारा तरंगत गाठता येईल एवढ्या अंतरातच राहणार असाल तर त्यांच्यावाचून चालेल, पण वाटेत धरणांचे पाणीही आहे, म्हणून मी घालूनच बसेन. ती आत असताना फुगवू नका, नाहीतर दारातून बाहेर निघणे कठीण होते.

कोयत्याला म्यान हवे. पिशवीचा पट्टा चांगला आवळा. सुटलेले 9 किलो आपटण्याच्या क्षणी तुमच्याच डोक्यावर येतील. ईएलटीच्या बॅटरीवर छापलेली मुदत स्वतः पाहा आणि यंत्राची फक्त स्वचाचणी करा. चाचणी म्हणून ते पूर्ण चालू केले तर खोटा इशारा थेट उपग्रहाकडे जाईल. आपटल्यावर ते आपोआप चालू होते, परंतु अँटेनाची तार तुटली तर संकेत बाहेर पडत नाही, म्हणून उंची असतानाच रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाची हाक, द्या, ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, 7700 हा आपत्कालीन संकेतांक लावा आणि ईएलटीची खटकी हाताने चालू करा. टेकण्यापूर्वी दाराची कडी सोडून ठेवणे तपासणीयादीत आहेच. ते काम आत्तेभावाला आधीच नेमून द्या.

मोपाला पोहोचल्याचा दूरध्वनी किती वाजेपर्यंत आला पाहिजे आणि न आल्यास कोणाला कळवायचे, हे घरी कोणाकडे लिहून दिले आहे?

वारणाकाठ (सांगली)
आत्याकडे देतो. उड्डाण आराखड्यातली वेळ, विमानाचा नोंदणी क्रमांक आणि मुंबईच्या बचाव केंद्राचा क्रमांक एकाच कागदावर लिहून आज रात्री पोहोचवतो.