अमेरिकेच्या अध्यक्षीय राजकारणातील वर्णभेद : वादविवाद स्पर्धेसाठी माहिती हवी आहे

अनघा, दापोली

नमस्कार. मी दापोली तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. यंदाच्या वादविवाद स्पर्धेसाठी आम्हाला "अमेरिकेच्या अध्यक्षीय राजकारणातील दुही मुळात वर्णभेदातून आलेली आहे" हा विषय मिळाला आहे. अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंची मुले माझ्याकडेच तयारी करीत आहेत. दोघांच्याही हाती सध्या जे साहित्य आहे ते बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले आहे. एकाकडे ट्रम्प यांची चार-दोन वाक्ये आहेत, तर दुसऱ्याकडे ओबामा दोनदा निवडून आले म्हणजे वर्णभेद संपला असा निष्कर्ष. एवढ्या शिदोरीवर मुलांना परीक्षकांसमोर उभे करणे मला पटत नाही.

तयारी चालू असताना अकरावीतल्या एका मुलीने विचारले की, गुलामगिरी संपवणारे लिंकन रिपब्लिकन पक्षाचे होते, तर मग आज बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाच्या मागे का उभे राहतात? मी उत्तर दिले, पण त्याने माझेच समाधान झाले नाही. पक्षांची ही अदलाबदल केव्हा आणि कशामुळे झाली, आणि वर्णभेद नेत्यांच्या भाषणांपलीकडे नेमका कशात दाखवता येतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलांना स्वतः पडताळून पाहता येईल अशीच माहिती हवी आहे.

निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

अनघाताई, मुलांना भाषणांकडून नियमांकडे वळवा, हे माझे पहिले सांगणे आहे. कोणत्या नेत्याच्या मनात काय होते यावर वाद घातला तर तो कधीच मिटणार नाही. परंतु कोणाचे मत मोजले गेले आणि कोणाला मतपेटीपर्यंत पोहोचूच दिले नाही, याच्या नोंदी कायद्यांत आणि न्यायालयांच्या निकालांत आहेत.

सुरुवात 1787 पासून करावी लागेल. घटना तयार होताना लोकसंख्येत गुलामांची गणना कशी करायची असा प्रश्न आला, तेव्हा पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरावीत असे ठरले. गुलामांना मताचा अधिकार अर्थातच नव्हता. पण त्यांच्या संख्येमुळे दक्षिणेतील राज्यांना प्रतिनिधीगृहात जास्त जागा मिळाल्या, आणि राज्याराज्यांतून निवडलेल्या आणि प्रत्यक्ष अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातील मते याच जागांच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे अध्यक्षपदाच्या निवडणुकीतही मालकांचे वजन वाढले. पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चौघे व्हर्जिनियाचे आणि गुलामांचे मालक होते, ही गोष्ट या हिशेबापासून वेगळी काढता येत नाही.

यादवी युद्धानंतर 1865 मध्ये गुलामगिरी संपली आणि 1870 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. त्यानंतर दक्षिणेतून कृष्णवर्णीय माणसे काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेली, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. मात्र 1876 ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली. सर्वसाधारण मते डेमोक्रॅटिक पक्षाच्या टिल्डेन यांना जास्त असूनही रिपब्लिकन हेज 185 विरुद्ध 184 अशा एका निर्वाचक मताने अध्यक्ष झाले, आणि 1877 मध्ये दक्षिणेत उरलेल्या केंद्रीय सैन्याने तेथील राजकारणातून अंग काढून घेतले. लिंकनच्या पक्षाने अध्यक्षपद राखले आणि ज्यांना मुक्त केले त्यांना वाऱ्यावर सोडले, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे 1890 मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. तिच्यात काळा किंवा गोरा असा उल्लेख करण्याची गरजच पडली नाही. मतदानासाठी कर भरायचा, आणि राज्यघटनेतले एखादे कलम वाचून दाखवायचे किंवा नोंदणी अधिकाऱ्याचे समाधान होईल अशा रीतीने त्याचा अर्थ सांगायचा. समाधान झाले की नाही हे ठरवणारा अधिकारी गोरा असे. 1965 चा मताधिकार कायदा येण्यापूर्वी मिसिसिपीत सात टक्क्यांहूनही कमी कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंद होती आणि कायद्यानंतर दोनच वर्षांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळ गेले. मुलांनी एकच आकडा पाठ करायचा असेल तर हा करावा.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न. या सगळ्या काळात दक्षिणेतील गोऱ्यांचा पक्ष डेमोक्रॅटिक हाच होता. त्याच पक्षाच्या वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळे आणि गोरे कर्मचारी वेगळे बसवले गेले. महामंदीच्या काळात रूझवेल्ट यांच्या योजनांमुळे उत्तरेतील शहरांमधले कृष्णवर्णीय मतदार 1936 पासून मोठ्या संख्येने डेमोक्रॅटिक पक्षाकडे आले, जरी 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार, म्हणजे दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय, वगळले गेले होते. 1948 मध्ये ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णविभागणी संपवण्याचा आदेश काढला आणि त्याच वर्षी पक्षातून फुटलेल्या स्ट्रॉम थर्मंड यांनी दक्षिणेतील चार राज्ये जिंकली. निर्णायक वर्ष 1964 चे. डेमोक्रॅटिक अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्याच्या विरोधात मत दिलेले बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार होते. जॉन्सन यांनी 44 राज्ये घेतली. गोल्डवॉटर यांना स्वतःचे अ‍ॅरिझोना सोडून मिळाली ती लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिना. पन्नास राज्यांच्या नकाशावर ही पाच राज्ये रंगवून दाखवली की निम्मे उत्तर मुलांना दिसेल.

प्रतिकूल बाजूच्या मुलांसाठी एक सत्य आवर्जून सांगतो. त्या नागरी हक्क कायद्याच्या बाजूने मते देणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक सदस्यांपेक्षा रिपब्लिकन सदस्यांत जास्त होते. परंतु 1968 मध्ये वर्णविभागणीचे कट्टर पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस यांनी स्वतंत्र पक्षातर्फे पाच राज्ये जिंकल्यावर दक्षिणेतल्या नाराज गोऱ्या मतदारांना आपल्याकडे ओढायचे हे रिपब्लिकन पक्षाचे धोरणच झाले. त्याच पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष केन मेल्मन यांनी 2005 मध्ये कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेसमोर या धोरणाबद्दल जाहीरपणे चूक कबूल केली. विरोधकांच्या आरोपापेक्षा हा दाखला परीक्षकांना अधिक पटेल.

जुना दर्यावर्दी, देवगड

प्राध्यापक साहेबांनी इतिहास सांगितलाच आहे, मी डोळ्यांनी पाहिलेले थोडे लिहितो. मी मर्चंट नेव्हीत होतो. 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या सुमारास आमचे जहाज जॉर्जियातील सव्हाना बंदरात होते. खलाशांच्या मिशनची गाडी आम्हाला बाजारात घेऊन जायची. तिचा चालक एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ होता. गाडीच्या मागच्या भागात आमच्या सामानासाठी जागा करताना त्याने एक घडीची खुर्ची आणि पाण्याच्या बाटल्यांचा खोका बाजूला सरकवला. मासेमारीला जाणार का, असे मी सहज विचारले. तो म्हणाला की हे मतदानाच्या रांगेसाठी आहे. आदल्या आठवड्यात मुदतपूर्व मतदानाला तो गेला तेव्हा रांग इतकी लांब होती की मागच्या बायकांना उभे राहवेना, म्हणून आता शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना तो स्वतः घेऊन जातो आणि सोबत खुर्ची ठेवतो. त्याच्या आईला तरुणपणी नोंदणी कचेरीतून कायद्याच्या एका उताऱ्यावरून परत पाठवले होते, आणि तिने पहिले मत दिले ते पन्नाशी उलटल्यावर. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र त्या दिवशी बाजारात काय घेतले हेसुद्धा आठवत नाही, इतका मी त्या खुर्चीचा विचार करीत राहिलो.

त्या वर्षी ओबामा देश जिंकले, पण जॉर्जियात हरले. पुढे 2021 मध्ये जॉर्जियाने नवा निवडणूक कायदा केला आणि मतदान केंद्राच्या इमारतीपासून 150 फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला इतरांनी खाणे किंवा पाणी देणे हा गुन्हा ठरवला. ही बातमी वाचली तेव्हा मला तो खोका आठवला. मतदारांना वश करू नये हा हेतू असल्याचे कायदा करणारे सांगतात. पण लांब रांगा बहुधा कोणत्या वस्तीत लागतात हे त्यांना माहीत नसेल असे मी मानत नाही.

सागर, महाड

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. मी महाडचा असल्यामुळे कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला हक्क यांतले अंतर मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केले, तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. आणि न्यायालयातील खटला 1937 पर्यंत चालला. म्हणून 1870 ची घटनादुरुस्ती आणि 1965 चा कायदा यांच्यामध्ये 95 वर्षे का गेली हे मला समजते.

तरीही आजच्या दुहीचे मूळ केवळ वर्णभेदात शोधणे मला अपुरे वाटते. 2008 आणि 2012 अशा दोन्ही वेळी ओबामांना कौल देणाऱ्या दोनशेहून अधिक काउंट्यांनी (काउंटी म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 2016 मध्ये ट्रम्प यांना कौल दिला. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील मिळून सुमारे 78 हजार मतांच्या आघाडीने ते अध्यक्ष झाले. कारखाने बंद पडलेल्या गावांतील ज्या माणसाने दोनदा कृष्णवर्णीय उमेदवाराला मत दिले, तो चार वर्षांत अचानक वर्णद्वेष्टा झाला असे म्हणायचे का? टेक्सासच्या सीमेवरील स्टार काउंटीत जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक लॅटिन अमेरिकी वंशाची, आहे. तिने 1892 नंतर प्रथमच 2024 मध्ये रिपब्लिकन उमेदवाराला, म्हणजे ट्रम्प यांना, बहुमत दिले. धर्म, गर्भपात, महागाई, सीमेवरून येणारे लोंढे, शहर आणि खेडे यांच्यातील तेढ, या सगळ्याला वर्णाच्या एकाच खुंटीवर टांगता येत नाही.

दुसरे असे की डेमोक्रॅटिक नेत्यांनीही कृष्णवर्णीय मते गृहीत धरली आहेत. आपण की ट्रम्प हे ज्याला ठरवता येत नाही तो कृष्णवर्णीयच नव्हे, अशा अर्थाचे वाक्य बायडेन 2020 मध्ये एका मुलाखतीत बोलून गेले आणि त्यांना त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना एकाच टोपलीत टाकून तुच्छ लेखले. ज्याला असे सरसकट झिडकारले जाते तो माणूस आपली चूक शोधत बसत नाही, तो समोरच्याच्या विरोधात मत देतो. मुलांनी समोरच्या मतदाराबद्दल आदर ठेवून बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

सागर, काउंट्यांबद्दलचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि प्रतिकूल बाजूचा तो सर्वांत भक्कम मुद्दा आहे. मतदाराच्या अंतःकरणाचा पंचनामा कोणी करू नये. पण म्हणूनच मी पुन्हा मोजणीच्या नियमांकडे येतो, कारण तेथे अंतःकरणात डोकावण्याची आवश्यकता पडत नाही.

मताधिकार कायद्यानुसार पूर्वेतिहास वाईट असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागत असे. कोणती राज्ये त्यात मोडतात हे ठरवणारे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केले आणि टेक्सासने त्याच दिवशी ओळखपत्राची अडलेली सक्ती लागू करण्याची घोषणा केली. उत्तर कॅरोलिनाने लगोलग केलेला कायदा 2016 मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. त्यातील तरतुदी कृष्णवर्णीय मतदारांवर जवळपास शस्त्रक्रियेच्या अचूकतेने नेम धरतात, असे न्यायाधीशांनी निकालपत्रात नमूद केले. हे कोणा विरोधी पक्षाचे भाषण नव्हे.

2020 मधली एक घटना मुलांनी जरूर अभ्यासावी. मिशिगनमधील वेन काउंटीत डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर येते. तेथे निकाल प्रमाणित करणाऱ्या मंडळात दोन रिपब्लिकन आणि दोन डेमोक्रॅटिक सदस्य असतात. मतदारांच्या नोंदी आणि मतपत्रिका यांच्या संख्येत किरकोळ तफावत असल्याचे कारण देऊन दोघा रिपब्लिकन सदस्यांनी आधी विरोध केला आणि त्यांतील एका सदस्याने डेट्रॉइट वगळून बाकी सर्व ठिकाणचा निकाल प्रमाणित करण्याची तयारी दाखवली. तशाच प्रकारची तफावत लिव्होनिया या बहुतांश गोऱ्या वस्तीच्या उपनगरातही होती, पण ते गाव वगळावे असे कोणी सुचवले नाही. ऑनलाइन बैठकीत नागरिकांनी तासन्‌तास खडसावल्यावर त्याच रात्री निकाल एकमताने प्रमाणित झाला. अर्थकारण, धर्म, महागाई या कारणांनी माणसे ट्रम्प यांच्याकडे गेली असतील. परंतु ते हरल्यावर नेमके डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, मिलवॉकी आणि अटलांटा या मोठी कृष्णवर्णीय वस्ती असलेल्या शहरांच्याच मतांवर बोट ठेवले गेले, याचे स्पष्टीकरण महागाईने होत नाही.

अनघा, दापोली

सर्वांचे मनापासून आभार. काल मुलांना पाच राज्यांचा नकाशा रंगवायला दिला आणि वेन काउंटीचा प्रसंग वाचून दाखवला. प्रतिकूल बाजूच्या मुलाने स्टार काउंटी आणि ओबामांच्या काउंट्या लगेच टिपून घेतल्या. त्या विद्यार्थिनीची आता पुढची शंका अशी आहे की, मिसिसिपीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सर्व राज्यांत जास्त आहे आणि आता नोंदणीलाही तशी अडचण नाही, तर ते राज्य दरवेळी रिपब्लिकन पक्षाकडेच कसे जाते?

निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

मुलगी हुशार आहे, तिला बोलायला पहिला क्रमांक द्या. मिसिसिपीत कृष्णवर्णीय लोक साधारण 38 टक्के आहेत आणि बहुसंख्य गोरे मतदार तेथे एकगठ्ठा रिपब्लिकन पक्षाला मत देतात. 48 राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये ज्याला जास्त मते त्याला त्या राज्याची सर्व निर्वाचक मते, असा नियम आहे. त्यामुळे 38 टक्क्यांचे मत नोंदले जाते, मोजले जाते आणि अध्यक्ष निवडताना त्याचे शून्य होते. 1976 मध्ये कार्टर यांच्यानंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला तेथील एकही निर्वाचक मत निवडणुकीतून मिळालेले नाही. असाच अन्याय कॅलिफोर्नियातील रिपब्लिकन मतदारांवरही होतो, हे प्रतिकूल बाजूने सांगितले तर ते योग्यच आहे.

फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये काही निर्वाचक मते मतदारसंघनिहाय देतात. नेब्रास्का एरवी पक्के रिपब्लिकन असूनही ओमाहा शहराच्या मतदारसंघाने 2008 मध्ये ओबामांना, 2020 मध्ये बायडेन यांना आणि 2024 मध्ये कमला हॅरिस यांना एकेक मत दिले. 2024 च्या सप्टेंबरात, मतदानाला जेमतेम सहा आठवडे उरलेले असताना, हा नियम बदलून सगळी मते एकत्र देण्याची खटपट झाली होती. राज्याच्या विधिमंडळातील एका रिपब्लिकन सदस्याने ऐनवेळी पाठिंबा द्यायला नकार दिल्याने ती फसली.