मदत हवी आहे: घरातल्या घरात टीव्हीवर गेम स्ट्रीम करताना झटके येतात, ग्राफिक्स कार्ड बदलू का?

निवांत_गेमर
मंडळी, संगणक बेडरूममध्ये, टीव्ही हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती. संगणकावर सनशाइन (चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर), टीव्हीच्या अँड्रॉइड बॉक्सवर मूनलाइट (ते घेऊन दाखवणारं ॲप). १०८०पी, ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं). फोर्झा होरायझन ५ चालू असताना दर दहा-पंधरा सेकंदांनी चित्र अडखळतं, मधूनच चौकोन चौकोन उमटतात. मॉनिटरवर तोच गेम नीट चालतो.

रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), ७५ हर्ट्झचा मॉनिटर. संगणकाला वायफायचं यूएसबी डोंगल, बॉक्सही वायफायवर, दोन्ही ५ गिगाहर्ट्झला जोडलेले. राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला, टीव्हीखालच्या कपाटात. प्लॅन २०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्टला १८० मिळतात. स्ट्रीमचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा जातो ते) २० वरून ८० एमबीपीएस केला तर आणखीच बिघडलं. बजेट ३० हजार. आरटीएक्स ४०६० घेऊन टाकू का?

खटका
थांबा, पैसे खिशातच राहू द्या. मूनलाइटच्या सेटिंगमध्ये स्ट्रीम चालू असताना आकडे दाखवायचा पर्याय आहे, तो सुरू करा (संगणकावरून मूनलाइट वापरणाऱ्यांसाठी कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+एस). चार आकडे द्या: नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम, नेटवर्क लेटन्सी (वाटेतला उशीर), होस्ट प्रोसेसिंग लेटन्सी (संगणकाला फ्रेम तयार करून द्यायला लागणारा वेळ), डिकोडिंगचा (बॉक्सने चित्र उलगडण्याचा) वेळ. शिवाय गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू (ग्राफिक्स कार्डची चिप) किती टक्के दिसतो तेही.

प्लॅन किती एमबीपीएसचा, याचा इथे संबंध नाही. स्ट्रीम घराबाहेर जातच नाही. आणि स्पीड टेस्ट सरासरी सांगते. हरवलेलं पाकीट (डेटाचा तुकडा) ती गुपचूप पुन्हा मागवून घेते. गेमच्या स्ट्रीमला तेवढी सवड नसते, ६० एफपीएसला एका फ्रेमचं आयुष्यच १६.७ मिलिसेकंद.

निवांत_गेमर
गळती ४ ते ६ टक्के. नेटवर्क लेटन्सी ९ मिलिसेकंद, पण पुढचा चढउताराचा आकडा ३० पर्यंत उडतो. होस्ट किमान ६, कमाल ४१, सरासरी १५. डिकोडिंग ७. जीपीयू ९८-९९ टक्के.

खटका
म्हणजे आजार दोन आहेत आणि एकमेकांत मिसळलेत. डिकोडिंग ७ ठीक आहे, बॉक्सला हात लावू नका.

पहिला आजार नेटवर्कचा. संगणक आणि बॉक्स दोघेही वायफायवर असले की प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं: संगणकाकडून राउटरकडे, राउटरकडून बॉक्सकडे, तेही एकाच चॅनलवर. एक बोलताना दुसऱ्याने गप्प बसायचं. बिटरेट ८० केला की हवेवर १६० चा भार, म्हणून बिघडलं. एक टोक तरी तारेवर घ्या, आणि ते संगणकाचं घ्या. बॉक्सच्या शेजारीच राउटर आहे, तिथेही वीतभर केबल लावता आली तर उत्तमच.

दुसरा आजार जीपीयूचा. एनव्हीएन्क हा एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारा भाग) चिपवर वेगळा बसवलेला असतो हे खरं, पण पडद्यावरचं चित्र उचलणं आणि त्याचे रंग बदलून एन्कोडरला देणं ही कामं जीपीयूच्या मुख्य भागातच होतात. तो गेममध्ये ९९ टक्के गुंतला की ही कामं रांगेत उभी राहतात. तुमचा ४१ चा आकडा तिथून येतो. मॉनिटरवर हे कळत नाही, कारण तिथे ही पायरीच नाही.

उपाय फुकट आहे. गेममध्ये फ्रेम ६० वर बांधा. मग सावल्या आणि प्रतिबिंबं एकेक पायरी खाली आणत जीपीयू ८५ टक्क्यांच्या आसपास आणा. मॉनिटर ७५ वरून ६० हर्ट्झवर ठेवा. ७५ तून ६० उचलताना काही फ्रेम वगळाव्या लागतात आणि हलकी थरथर दिसते.

तांब्याची_तार
केबलबद्दल माझे दोन पैसे. कॅट ६ घ्या, पण ‘शुद्ध तांबं’ असं लिहिलेलीच. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती वळणावर तुटते आणि क्रिंप करताना (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) दगा देते. दोन खोल्यांना १५ मीटर पुरते. भिंतीच्या कडेने केसिंग पट्टीतून न्या. विजेच्या तारांच्या पाइपातून ओढू नका, वायरमन कितीही म्हणाला तरी.

क्रिंप करताना दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरचा खटका खाली, तारा स्वतःकडून पुढे (खटका, तुमचं नाव घेतलेलं नाही). बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत पकडलं गेलं पाहिजे, नाहीतर महिन्याभरात तार सैल होते.

आता राउटर उलटा करून पाहा. इंटरनेटवाले देतात त्या बऱ्याच डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० एमबीपीएसचे. लेबलवर जीई (गिगाबिट) आणि एफई (१०० चा) असं लिहिलेलं दिसेल. बहुतेक अँड्रॉइड बॉक्सचा पोर्टही १०० चाच असतो. २० एमबीपीएसला तिथे अडचण नाही. ५० एमबीपीएसला एक फ्रेम साधारण १०४ किलोबाइटची होते. १०० च्या पोर्टमधून ती बाहेर पडायला ८.३ मिलिसेकंद लागतात, गिगाबिटमधून ०.८. शिवाय संगणक गिगाबिटने एकदम ओततो आणि पुढचं तोंड अरुंद, म्हणजे मधला छोटा बफर भरून पाकिटं सांडतात. म्हणून १०० च्या पोर्टवर ३० च्या वर जाऊ नका. १०८०पीला एचईव्हीसी या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत २५-३० भरपूर झाले.

बॉक्स वायफायवरच ठेवणार असाल तर राउटर कपाटाबाहेर काढा. ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ३६ किंवा १४९ हाताने निवडा. आणि कंट्रोलर ब्लूटूथवर असेल तर बॉक्सला २.४ गिगाहर्ट्झवर कधीच आणू नका, दोघे एकाच पट्ट्यात भांडतात.

निवांत_गेमर
केबल टाकली, जीई पोर्टला लावली. गळती शून्यावर आली! पण विंडोजमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसतंय.

तांब्याची_तार
निळी किंवा तपकिरी जोडी बसलेली नाही. १०० ला फक्त १, २, ३, ६ या पिना लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे नेट चालतं आणि कुणाला संशय येत नाही. कनेक्टर उजेडासमोर धरा: आठही तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी अर्ध्यात थांबली असेल तर ते टोक कापून नवा कनेक्टर लावा, तोच पुन्हा दाबून उपयोग नाही.

खटका
आता खरेदीचं. आधी रॅम. या गेमची शिफारसच १६ जीबीची आहे आणि एका पट्टीवर मेमरीचा मार्ग निम्मा राहतो. ८ जीबीच्या दोन जुळ्या पट्ट्या घ्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारा पर्याय) सुरू करा. पट्टी जास्त वेगाची असली तरी २६०० ला २९३३ वर ठेवलेली बरी.

कार्ड त्यानंतर, आणि तेही गेमची चित्रं वाढवायची असतील तरच. १०६० चा एचईव्हीसी एन्कोडर १०८०पी ६० ला पुरतो. ४०६० मध्ये एव्ही१ ही त्याहून नवी पद्धत मिळते, पण ती बॉक्सलाही उलगडता आलं पाहिजे. ते कार्ड ११५ वॉट खातं, कंपनी ५५० चा एसएमपीएस सांगते. तुमचा ४५० जुना असेल तर तो खर्चही धरा. शिवाय ४०६० बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटाचे मार्ग) वापरतं आणि बी४५० वर त्या तिसऱ्या पिढीच्या मिळतात, थोडं नुकसान होतं. २६०० मागे पडायला लागलाच तर त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो, मात्र जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी बायोस अद्ययावत करून घ्या. उलट केलंत तर पडदा काळाच राहू शकतो.

टीव्हीवर गेम मोड सुरू आहे ना? तो बंद असला की टीव्ही स्वतः चित्र दाखवायला उशीर लावतो, आणि तो उशीर मूनलाइटच्या आकड्यांत दिसत नाही.

निवांत_गेमर
तपकिरी तारच आखूड होती. नवा कनेक्टर लावला, १०००/१००० आलं. फ्रेम ६० वर बांधून जीपीयू ८३ टक्के. गळती ०, होस्ट सरासरी ५, कमाल ९. गेम मोड बंद होता, आता सुरू केला. रॅम मागवली, कार्ड राहू दे. कडेला अजून किंचित थरथर दिसते, मोठ्या वळणावर.

खटका
मॉनिटर ६० वर आणलात का?

निवांत_गेमर
...नाही.