प्रायमरीचे इतक्या आधीचे पोल्स कसे वाचायचे? (जाणकारांनी प्रकाश टाकावा)

एडिसनकर_नवा

राम राम मंडळी. न्यू जर्सीत १४ वर्षं काढल्यावर एकदाचं नागरिकत्व मिळालं, त्यामुळे अध्यक्षपदासाठी मत द्यायची माझी पहिली वेळ २०२८ ला. आमच्याकडे शनिवारी चार घरं जेवायला जमतात आणि हल्ली पहिली पोळी तव्यावर पडायच्या आत विषय तिकडे जातो. वर आमचे अण्णा सांगलीत बसून मोबाईलवर दिवसभर अमेरिकेच्या बातम्या बघतात, फोन उचलला की पहिलं वाक्य "काय रे, तुमच्याकडे तो कॅलिफोर्नियाचा न्यूसम येतोय म्हणे", पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कुणाचं नाव आणि तेही तितक्याच खात्रीने.

आता मला पडलेला प्रश्न. समजा प्रायमरीच्या (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाच्या) एका पोलमधे एका पक्षाचा एक उमेदवार २५ टक्के आणि दुसरा २१, की हेडिंग येतं "भक्कम आघाडी". चार दिवसांनी दुसरा पोल, त्यात तेच दोघं उलटे. अजून अर्ध्या लोकांनी तर उभं राहणार की नाही हेही सांगितलेलं नाही! मग ह्या आकड्यांना काही अर्थ असतो का, आणि असला तर बघायचं नेमकं काय? एक मित्र म्हणतो जो पुढे आहे त्यालाच आत्ता ५० डॉलर दे, नंतर देऊन उपयोग नाही. मी कॉमर्सवाला, स्टॅटिस्टिक्समधे कसाबसा पास झालेलो, तेव्हा सोप्यात सांगा.

टिचकी

अर्थ शून्य. ५० डॉलरचे आंबे आणा.

२००७ आठवा. रिपब्लिकनांमधे जवळजवळ वर्षभर देशपातळीवरच्या पोल्समधे रूडी जुलियानी पुढे, डेमोक्रॅट्समधे हिलरी पुढे, त्यामुळे न्यूयॉर्कवाले दोघं समोरासमोर येणार हे सगळे धरूनच चाललेले. रिपब्लिकनांमधलाच जॉन मकेन तर त्या उन्हाळ्यात संपल्यात जमा होता, पैसे संपले, माणसं सोडून गेली. शेवटी लढत कोणाची झाली? मकेन आणि ओबामा. जुलियानी साहेबांनी आयोवा न्यू हॅम्पशायर ही सगळ्यात आधी मतदान होणारी राज्यं सोडून सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, तिथे आले तिसरे आणि दुसऱ्या दिवशी घरी.

पारावरचा_म्हातारा

टिचकीशेठ, उदाहरण बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंत. १९९५ मधे बॉब डोल पुढे होते, उमेदवारी त्यांनाच मिळाली. १९९९ मधे धाकटे बुश आणि अल गोर पुढे, दोघांनाही मिळाली, बुश तर न्यू हॅम्पशायरमधे मकेनकडून दणकून हरूनसुद्धा. २०२३ मधे ट्रम्प निम्म्याहून वर होते आणि आयोवात खरंच ५१ टक्के घेतले.

आणि सगळ्यात मोठी गंमत २०१५ ची. मी तेव्हा इकडेच होतो, चांगलं आठवतंय. त्याच्या आधीच्या वेळी, म्हणजे २०११ मधे, रिपब्लिकनांचा नंबर एक दर महिन्याला बदलत होता, पेरी झाले, हर्मन केन झाले, गिंग्रिच झाले आणि शेवटी रॉम्नीच आले जे सुरुवातीपासून पाव हिश्श्यावर ठाण मांडून बसले होते. त्यामुळे जुलै २०१५ ला ट्रम्प वर गेले तेव्हा टीव्हीवरचे सगळे शहाणे म्हणाले हा पण बुडबुडा, नुसती नावाची ओळख, थंडी पडली की उतरेल. नाही उतरला. मधे काही दिवस बेन कार्सन गाठायला आला तेवढंच. म्हणजे ज्यांनी पोलकडे दुर्लक्ष करा म्हणून सांगितलं तेच तोंडावर आपटले. आमचं मित्रमंडळ पण त्यात, मी स्वतः एका जेवणाची पैज हरलोय.

गणितवाला_बापू

नवा साहेब, पोल चांगला वाईट ते नंतर बघू, आधी तुमचे २५ आणि २१ म्हणजे किती माणसं ते बघा.

बातमीत लिहितात "१००० मतदारांचा सर्व्हे". पण प्रायमरीचा प्रश्न सगळ्यांना नाही विचारत, त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देणाऱ्यांनाच विचारतात. धरा ४०० उरले. त्यांचे २५ टक्के म्हणजे १०० आणि २१ टक्के म्हणजे ८४. फरक १६ माणसांचा. तुमच्या शनिवारच्या जेवणाला तेवढी होत असतील. ह्या १६ जणांवर "भक्कम आघाडी".

४०० च्या सॅम्पलला मार्जिन ऑफ एरर (खरा आकडा किती टक्के वरखाली असू शकतो ते) साधारण पाचाचा येतो, १००० ला तीनाचा. आणि लोकांची इथे एक चूक हमखास होते, तो पाच एकेका उमेदवाराच्या आकड्याला लागतो, दोघांमधल्या फरकाला नाही. फरकाचा मार्जिन त्याहून मोठा, ह्या उदाहरणात साडेसहाच्या आसपास. म्हणजे चारची आघाडी खरी म्हणजे दहाची असेल किंवा मागचाच दोन अडीचने पुढे असेल, दोन्ही बसतं. आठवड्याभराने ते उलटे दिसले तर कोणाचंही मत बदललेलं नसेल, नुसते वेगळे ४०० लोक सापडले असतील. शिवाय वय शिक्षण वगैरेचे प्रमाण जुळवायला वजनं लावतात (कमी सापडलेल्या गटाची उत्तरं जास्त धरतात) त्याने खरा मार्जिन अजून थोडा फुगतो.

कॉलसेंटरचा_भूत

बापूंनी गणित सांगितलं, मी फोनच्या अलीकडचं सांगतो. शिकत असताना दोन सेमिस्टर एका सर्व्हे कंपनीत संध्याकाळी फोन करायचं काम केलंय (नाव नाही सांगत, पगार वेळेवर द्यायचे नाहीत ही माझी खाजगी दुश्मनी).

डोक्याला हेडसेट, समोर स्क्रीनवर प्रश्न, त्यातला शब्द बदलायचा नाही. पहिले पन्नास फोन तर कुणी उचलायचंच नाही. प्यू नावाची मोठी संशोधन संस्था आहे, त्यांच्या फोन सर्व्हेला १९९७ मधे शंभरातले ३६ उत्तर द्यायचे, २०१८ ला ६ वर आलं. हल्ली बरेच जण ऑनलाइन करतात ते त्यामुळेच.

आता प्रायमरीचा प्रश्न आला की मी दहा बारा नावं वाचायचो, दर फोनला क्रम बदललेला. पलीकडे एक आजी, मागे कुकरसारखा कसला तरी आवाज, तिसऱ्या चौथ्या नावापर्यंत शांतता आणि एखादं ओळखीचं नाव आलं की "हां, तो". संपलं, पुढची नावं ऐकलीच नाहीत. कुणी "नाही ठरवलं" म्हणालं की स्क्रीनवर पुढचा प्रश्न तयारच, की आज निवडणूक असती तर कोणाकडे झुकता? मग तो बिचारा पिच्छा सोडवायला एक नाव घेतो. असा अर्धवट "हां तो" आणि आधीच पैसे पाठवून झालेल्या कार्यकर्त्याचं मत, दोन्ही आमच्या तक्त्यात एकाच खान्यात. वर्षभर आधी बहुतेक उत्तरं पहिल्या जातीची असतात.

एडिसनकर_नवा

वा, बापू तुम्ही मला कॉलेजात शिकवायला हवं होतं. १६ माणसांचं अण्णांना सांगितलं तर म्हणाले मग छापतात कशाला :)

पण भूतराव, नुसती ओळख मोजली जाते म्हटलं तर म्हाताऱ्या काकांनी सांगितलेले बुश, ट्रम्प, डोल हे तरी कसे जिंकले? फरक कसा ओळखायचा?

मिशिगनवाली

त्याचं उत्तर देते, पण आधी आपल्याच माणसाची गोष्ट, इथे कुणी काढली कशी नाही म्हणते मी! श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेला मराठी माणूस, २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीला उभे. अध्यक्षपदाची नाही पण प्रायमरी ती प्रायमरीच. स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त घातले, सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या) वेळी टीव्हीवर जाहिरात, आमच्याकडे सोफ्यावर सगळे ओरडले, अरे आपले ठाणेदार! त्यानंतर काही पोल्समधे ते त्याच प्रायमरीतल्या ग्रेचन व्हिटमरच्या बरोबरीला, कुठे थोडे पुढेसुद्धा. आमच्या मंडळात पेढे वाटायचे बाकी होते. ऑगस्टला निकाल लागला, व्हिटमर ५२, अब्दुल एल-सय्यद ३०, आपले ठाणेदार १८ च्या आसपास. तिसरे. (पुढे २०२२ ला अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून गेले ते वेगळं.)

झालं काय, तर फेब्रुवारी मार्चला टीव्हीवर जवळपास तेच एकटे होते. व्हिटमरबाई पुष्कळांना माहीतच नव्हत्या, उन्हाळ्यात त्यांच्या जाहिराती सुरू झाल्या, युनियन आणि पक्षातले लोक पाठीशी उभे राहिले आणि त्या वर गेल्या. अब्जाधीश ब्लूमबर्गचं २०२० च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीला तेच झालं, पन्नास कोटी डॉलरच्या वर जाहिराती, पोलमधे भराभर वर, मग पहिल्याच डिबेटला प्रतिस्पर्धी एलिझाबेथ वॉरननी धुतलं आणि सुपर ट्यूसडेला (एकाच दिवशी बऱ्याच राज्यांचं मतदान) पदरात काय तर अमेरिकन समोआ नावाची चिमुकली बेटं.

तर माझ्यापुरती पद्धत अशी की टक्क्यांच्या शेजारी ओळख किती ते बघायचं. चांगले पोल्स वेगळं विचारतात, ह्या माणसाबद्दल मत चांगलं, वाईट, की नावच ऐकलं नाही. नव्वद टक्के लोकांना माहीत असून २० वर अडकलेला असेल तर बाकीच्या सत्तरांनी त्याला बघून दुसरीकडे तोंड फिरवलंय. निम्म्यांना माहीत नसून १२ वर असेल तर मी त्याच्याकडे जास्त लक्ष देईन. आणि सगळ्यांना माहीत असून निम्मे लोक त्याचंच नाव घेतायत, २०२३ च्या ट्रम्पसारखं, तर तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

पारावरचा_म्हातारा

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. पुढे अध्यक्ष झालेले कार्टर १९७५ मधे पोल्समधे शोधावे लागायचे, लोक विचारायचे जिमी कोण? ओळखच नव्हती, म्हणजे वाढायला जागाच जागा.

एक भर घालतो, दुसरी पसंती. २०२० ला बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमधे पाचवे, आमच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज फिरले. मग साउथ कॅरोलायनात जवळपास ४९ टक्के, दोन दिवसांत बुटजज आणि क्लोबुशार हे प्रतिस्पर्धी बसले आणि त्यांच्यामागे उभे राहिले, सुपर ट्यूसडेला खेळ पालटला. वर्षभर देशाच्या पोल्समधे बायडेन बहुतेक वेळ पहिलेच होते हे मधल्या तीन आठवड्यांत सगळे विसरले होते. दहा जणांच्या गर्दीत कोण पहिला यापेक्षा पाच जण बसल्यावर त्यांची माणसं कुठे जातील ते विचारणारा पोल सापडला तर तो आधी वाचा.

टिचकी

बरं बाबा, शून्य नाही, पाव. आंब्यांचं मात्र मागे घेत नाही.

गणितवाला_बापू

नवा साहेब एक राहिलंच. तुम्ही न्यू जर्सीत. तुमची प्रायमरी जूनमधे असते, २०२४ ला ४ जूनला होती, तोवर बहुतेक वेळा निकाल लागलेला असतो, तेव्हा पोलचा काथ्याकूट करायला वेळच वेळ आहे. पण रजिस्ट्रेशन करताना पक्ष लिहिलाय का? नसेल तर प्रायमरीच्या दिवशी तिथेच पक्ष सांगून मत देता येतं, एका पक्षाचं लिहून दुसऱ्याकडे जायचं असेल तर ५५ दिवस आधी बदलावं लागतं.

एडिसनकर_नवा

पक्ष मोकळाच ठेवलाय बापू. ५० डॉलर पण अजून खिशात आहेत. काल अण्णांचा फोन आला, नवीन नाव घेऊन. मी विचारलं, अण्णा, त्याला ओळखतात किती जण? दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मी ओळखतो की."