एसएसडी बसवल्यानंतर संगणक हायबरनेट होत नाही

प्रश्न (परभणी): जुनी हार्ड डिस्क काढून सॅटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवली आणि विंडोज १० त्यावर क्लोन केले, म्हणजे जसेच्या तसे उतरवले. तेव्हापासून स्लीपमधून उठवल्यावर पडदा काळाच राहतो, तर हायबरनेटनंतर सगळे नव्याने सुरू होते. भारनियमनात इन्व्हर्टर फार काळ तग धरत नसल्याने मला ही सोय रोज लागते. दोष एसएसडीचाच समजावा का?

उत्तर (लातूर): इतक्यात नको. हायबरनेट करताना रॅममधील (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीतील) माहिती सी ड्राइव्हवरील हायबरफिल या लपवलेल्या फाइलमध्ये लिहिली जाते आणि स्लीपमध्ये ती माहिती रॅममध्येच राहते. दोन्ही एकदम बिघडली असल्याने स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर (डिस्क हाताळणाऱ्या भागाला विंडोजशी जोडणारे सॉफ्टवेअर) आधी तपासावा. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी (powercfg) आज्ञेने हायबरनेट बंद करून पुन्हा चालू केल्यास ती फाइल नव्याने तयार होते. सी ड्राइव्हवर मोकळी जागा मात्र हवी.

उत्तर (नांदेड): पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ शून्य, म्हणजे ‘कधीच नाही’, ठेवून पाहावे. त्यानेही भागले नाही तर एसएसडीचे फर्मवेअर (तिच्या आतच बसवलेले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे. पण आधी बॅकअप घ्यावा आणि वीज जाण्याच्या वेळेत हे काम मुळीच हाती घेऊ नये.