क्लब हाऊसची दिवाळी: आपलेच लोक नाचतात, बाकीचे भिंतीला टेकून उभे. काय करता येईल?

ऱ्हाइनकाठची

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत कोलोनजवळ मास्टर्स करतेय. युनिव्हर्सिटीच्या शेजारी परदेशी विद्यार्थ्यांचं एक क्लब हाऊस आहे, खाली हॉल, मागे किचन, आणि सगळा कारभार व्हॉलंटियर लोकांचा, पगार कुणालाच नाही. आलटून पालटून एकेका देशाची संध्याकाळ असते आणि यंदाची दिवाळी माझ्याकडे आलीये. लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला आहे म्हणून आम्ही शनिवारी ७ तारखेला हॉल घेतलाय.

गेल्या वर्षी मी किचनला होते आणि जे बघितलं ते मनाला लागलं. हॉल गच्च भरलेला, बॉलिवूड लागलं, आपली मुलंमुली पुढे नाचतायत, छानच वाटत होतं, पण एक इराणी मुलगी आणि एक मेक्सिकन मुलगा, जे वर्षभर प्रत्येक कार्यक्रमाच्या खुर्च्या लावतात, ते दोघं प्लेट हातात धरून भिंतीला टेकून उभे होते, कुणी त्यांना साधं हे काय ते काय सांगायलाही गेलं नाही. जेवण संपलं तशी निम्मी गर्दी पांगली. शेवटी भांडी घासायला तेच दोघं, एक जर्मन मुलगी आणि मी.

मला नाचगाणं बंद करायचं नाहीये. पण क्लब हाऊसमध्ये दिवाळी करायची आणि ती फक्त आपल्याच माणसांनी करायची, तर मग भाड्याचा हॉल घेऊन केलेलीच बरी ना? कुणी अशा ठिकाणी काम केलं असेल तर प्लीज सांगा, अगदी बारीकसारीक गोष्टी सांगितल्या तरी चालतील.

नाशिकचा_निखारा

ताई, मी आठ वर्षं जर्मनीत आहे, त्यातली सुरुवातीची स्टुडंट हॉस्टेलच्या क्लबमध्येच गेली. आधी कोरडी कामं सांगतो मग मुद्द्याचं. फटाके विषयच नाही, इथे सर्वसामान्य लोकांना फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात. रात्री दहानंतर आवाज खाली, खिडक्या बंद. कार्यक्रम सगळ्यांना खुला असेल तर गाणी वाजवण्यासाठी गेमाकडे, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या इथल्या संस्थेकडे नोंद लागते, क्लबने ती वर्षाची केलीये का ते विचारून ठेवा. पणत्या एलईडीच्या. आणि चकल्या तिथल्या किचनमध्ये तळायच्या असतील तर आधी हाऊसमास्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याला विचारा, स्मोक अलार्म थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असेल तर तेलाच्या धुराने गाडी येते आणि बिलही येतं. हॉल हुकला तर पुढच्या रविवारवर ढकलू नका, १५ नोव्हेंबरला फोल्क्सट्राउअरटाग आहे, युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस, त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत तुमच्या राज्यात नाचगाण्यावर बंधनं असतात.

आता मुद्दा. लोकांना बघायला नाही, करायला बोलवा. तुमच्याकडे ११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिन असतो, लहान मुलं हातात कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. म्हणजे तुमच्या त्या जर्मन मुलीने बालवाडीत कागदाचा कंदील नक्की केलेला असणार! आणि यंदा भाऊबीजही ११ लाच आहे. आम्ही एकदा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आकाशकंदिलाची संध्याकाळ ठेवली होती. बांबूच्या काड्या, दोरा, खळ, पारदर्शक रंगीत कागद. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कंदील विकतच आणलेले, सांगाडा कसा बांधायचा ते धड कुणालाच येईना, मग एका पोराने सोलापूरला आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि आजोबा मराठीतून सांगतायत, तो इंग्लिशमधून सांगतोय, आणि काड्या एक जर्मन आणि एक व्हिएतनामी मुलगा बांधतायत. कंदिलाच्या कागदी करंज्या खाली चिकटवताना झिरमिळ्या लांब ठेवायच्या की आखूड यावर वीस मिनिटं चर्चा झाली. दिवाळीच्या दिवशी ते कंदील हॉलमध्ये लावले तेव्हा ज्याने त्याने आपापला शोधला, आपापल्या मित्रांना आणून दाखवला. भिंतीला टेकायला कुणाला वेळच नव्हता.

सदाशिव_ते_बर्कली

वरच्याशी शंभर टक्के सहमत. मी अमेरिकेत बर्कलीच्या इंटरनॅशनल हाऊसमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलमध्ये राहिलोय, ते १९३० मध्ये उघडलं, पण मूळ न्यूयॉर्कचं, १९२४ चं. त्याची सुरुवात आम्हाला सांगायचे ती अशी की हॅरी एडमंड्स नावाच्या माणसाने १९०९ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज गुड मॉर्निंग म्हटलं, तर तो थांबला आणि म्हणाला की मी तीन आठवडे न्यूयॉर्कमध्ये आहे आणि माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. त्यानंतर एडमंड्स दांपत्याने परदेशी मुलांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरच्या पैशाने ती इमारत उभी राहिली. म्हणजे आधी जेवण आणि बोलणं, इमारत आणि स्टेज नंतर. कार्यक्रम मोठा होत गेला की नेमकं हेच मागे पडतं.

म्हणून माझं म्हणणं, बुफेची लांब रांग ठेवूच नका. आठ-आठ जणांची टेबलं करा, प्रत्येक टेबलावर एक आपला माणूस यजमान म्हणून, आणि वाढायचं त्यानेच. एका टेबलावर एकाच देशाचे तीनपेक्षा जास्त नकोत. सुरुवातीला कुरकुर होईल, मित्रांना सोडून कुणाला बसायचं नसतं, पण वरण-भात वाढताना तूप घेणार का इथून जे बोलणं सुरू होतं ते मग थांबत नाही.

मुळामुठा

मी पुण्यातून लिहितेय, उलट्या बाजूने. आमच्याकडे परदेशी मुलं येतात आणि त्यांची गोष्ट अगदी तुमच्यासारखीच. पुण्यातल्या सिंबायोसिस या शिक्षणसंस्थेची सुरुवात माहितीये ना? डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनला वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक आणि होस्टेलचे रेक्टर होते, तेव्हा त्यांना एक मुलगी होस्टेलच्या खिडकीतून कुणाला तरी डबा देताना दिसली. चौकशी केली तर आत मॉरिशसचा मुलगा कावीळ होऊन पडलेला, त्याचं इथे कुणी नाही. त्यातून १९७१ मध्ये संस्था उभी राहिली, आधी परदेशी मुलांना आधार म्हणून. माझ्या बाबांच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलंय की आमच्या घरी दिवाळीला परदेशी विद्यार्थी जेवायला असणं हा नियमच होऊन गेला.

तर सांगायचं हे की तुमची ती इराणी मैत्रीण आणि मेक्सिकन मित्र, त्यांना पाहुणे समजू नका, ते घरचेच आहेत आणि घरच्यांना फराळ करायला बसवतात. करंज्या करा! आमच्याकडे अर्जेंटिनाची एक मुलगी आली होती, आईने तिला कातणं दिलं तर तिने ते बाजूला ठेवलं आणि बोटांनी अशी सुबक मुरड घातली की आई बघतच राहिली. तिच्याकडे एम्पनाडाच्या कडा तशाच वळतात. मग आईने तिलाच सगळ्या करंज्या वळायला दिल्या आणि स्वतः सारण भरत बसली. सारण घरून करून न्या, तळण शक्य नसेल तर ओव्हनमध्ये भाजा, चव वेगळी लागते पण लागते चांगली.

आणि इराणी मुलीला तिचाही सण मागा. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला होता आणि नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष, २० ला, असं जुळून आलं की एकत्रच करावं, एका बाजूला गुढी, दुसऱ्या बाजूला त्यांची हफ्त-सीन, म्हणजे नवरोजला 'स'वरून नाव असलेल्या सात वस्तूंची मांडणी. पुढच्या वर्षी पाडवा ७ एप्रिलला आहे म्हणून तारखा जुळणार नाहीत, पण तिच्या नवरोजला भांडी घासायला तुम्ही पाच जणी आधी हजर राहा. नुसतं मदतीला नाही, तिला विचारून, ती सांगेल ते काम.

नाशिकचा_निखारा

मुळामुठा, हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं बोललात. आम्ही साफसफाईची यादी कार्यक्रमाच्या आधी दारावर लावायचो, ज्याने नाचाचा ग्रुप बसवलाय त्याचंही नाव त्यात. आणि वर्षअखेरीला जे सर्टिफिकेट मिळतं ना व्हॉलंटियरला, ते फक्त स्टेजवरच्यांना न देता खुर्च्या लावणाऱ्यांनाही मिळतंय ना ते बघा. पुढे स्कॉलरशिपच्या अर्जाला उपयोगी पडतं.

अजून एक, फराळाच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी. युरोपात १४ अ‍ॅलर्जींची ठरलेली यादी आहे. चिवड्यात शेंगदाणे आणि काजू हे लक्षात राहतं, पण बाजारच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

ऱ्हाइनकाठची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. आत्ता मीटिंगमधून आले. कंदिलाची संध्याकाळ बुधवारी ४ तारखेला ठरली, हॉल मिळालाय. टेबलांवरून वाद झाला, दोघं-तिघं म्हणाले की लोक येणारच नाहीत, पण अर्धा हॉल टेबलं आणि अर्धा नाचाला असं करून बघायचं ठरलं. इराणी मैत्रिणीला विचारलं की फराळ करायला येशील का, तर म्हणाली गेल्या वर्षीच विचारायचं होतंस. करंज्या तिच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये करणार आहोत, तिथला ओव्हन मोठा आहे.

एकच राहिलं, बांबूच्या काड्या इथे कुठे मिळतील? आणि खळ कशाची करू?

नाशिकचा_निखारा

बागकामाच्या दुकानात, रोपांना आधार द्यायच्या बारीक काड्या असतात त्या घ्या आणि उभ्या चिरा. शनिवारी आणा, रविवारी दुकानं बंद. खळ मैद्याची, पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, चिमूटभर मोरचूद टाकायचे पूर्वी पण ते विषारी, तुम्ही नका टाकू, त्याच दिवशी वापरायचीये.