आजीची वही आणि शनिवारची रात्र

ताई: सकाळपासून अकरा शुभेच्छाचित्रं आली ग्रुपवर. 'ज्येष्ठ हेच आपले खरे हिरो'. काल रात्री दोन वाजता आजी एकटी अर्धांगवायू झालेल्या आजोबांना कुशीवर वळवत होती. तेव्हा कुठे होते सगळे?

मोठे काका: सकाळी सकाळी वाद कशाला? आज 1 ऑक्टोबर, ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस. संयुक्त राष्ट्रांनी 1990 च्या डिसेंबरात ठराव केला, 1991 पासून पाळतात. म्हणून पाठवलं.

दादा: शनिवारी रात्री कोण येतंय?

आत्या: मी मागच्या महिन्यात सलग आठ दिवस राहिले. त्याचं कुणी नावही काढत नाही.

धाकटी काकू: राहिलात हो वन्सं, कोण नाही म्हणतंय? पण तेव्हा नर्सबाई होत्या.

आत्या: दिवसा होत्या. रात्री कोण उठत होतं, विचार आईला.

धाकटे काका: बाबा काल पहिल्यांदा स्पष्ट बोलले. मी गाणं गुणगुणत होतो. म्हणाले, 'बंद कर.' 😂

वहिनी: 😂😂 जीभ आली म्हणायची!

दादा: चांगलंच आहे. शनिवारी रात्री कोण?

ताई: (फोटो) आजीच्या वहीचं कालचं पान. '10 डावी. 12 उताणे. 2 उजवी. 4 डावी. टाचा ठीक.' आठ महिने रोज असं पान आहे. दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. पडून पडून पाठीला होते तशी एक जखम नाही झालेली. डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि आजीला नमस्कार केला.

वहिनी: वाचून घशात दाटून आलं. 🙏

मोठे काका: एक सांगायचं राहिलंय. बाबांना झटका आला त्या संध्याकाळी मी म्हणालो होतो, 'थकलेत, झोपू दे.' आईने ऐकलं नाही. तोंड वाकडं दिसताच कॅलेंडरवर लिहिलं, '6.10 पर्यंत नीट बोलत होते', आणि गाडी बोलवायला लावली. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच होता, शेवटचे नीट कधी होते? मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. माझं ऐकलं असतं तर सकाळ झाली असती.

धाकटे काका: भाऊ, हे आधी कधी बोलला नाहीस.

आत्या: आता तरी बोलला.

दादा: शनिवार.

धाकटी काकू: अरे हो रे! आई पण आहेत ग्रुपवर, वाचतायत सगळं.

आजी: वाचतेय. मला झोपेचं काही नाही. पण जो येईल त्याने आधी वळवायला शिकावं. लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा दुखावतो. गुडघा वाकवून घ्यायचा, खांदा आणि कंबर धरून एकदम वळवायचं. आणि वहीत लिहायचं.

मोठे काका: शनिवारी मी. नऊला येतो आई, आधी तू करून दाखव.

दादा: रविवारी कोण?